दौंडची टेप आणि मांडवगणचं पितळ

एखादी रेकॉर्ड साठ वर्षं निघाली नसेल, तर ती न निघण्याला बहुतेक वेळा चांगलं कारण असतं. हे माझं मत आहे आणि फेब्रुवारीतल्या प्रवासानंतरही मी ते मागे घेणार नाही. 'अप्रकाशित' म्हणून मिरवणाऱ्या जॅझच्या रेकॉर्डी लक्ष देऊन ऐका. ड्रमवाला कंटाळलेला असतो, पियानोवाला घड्याळाकडे बघत असतो, आणि ज्यांनी ते वाजवलं त्यांनीच ते बाजूला टाकलेलं असतं. मग कुणीतरी ते उष्टं नव्या पाकिटात घालून 'हरवलेला खजिना' म्हणून आपल्यापुढे ठेवतं. जुन्या रेकॉर्डींच्या नव्या आवृत्त्यांचीही तीच तऱ्हा. मूळ सहा गाणी ऐकून माणूस तृप्त झालेला असतो, तर हे त्याला आणखी चार 'बोनस' जोडतात. जेवण होऊन हात धुतल्यावर कुणी ताटात पुन्हा वरणभात वाढावा तसं ते मला वाटतं.

मी कोथरूडला राहते. शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. घराच्या दोन खोल्या रेकॉर्डींनी भरल्या आहेत आणि पुण्यातले जॅझ जमवणारे चार लोक मला वचकून असतात. एखाद्या आवृत्तीत झांजेचा आवाज साफ करताना झांजच पुसली गेली असेल, तर ते आधी मला कळतं. टेप जलद चालली की मंद, हे मी दोन ओळींत सांगते. नातेवाईक मला 'बाजावाली मावशी' म्हणतात, म्हणू देत.

तर अशी मी एका न निघालेल्या रेकॉर्डीसाठी दौंड आणि शिरूर तालुक्यात जाऊन आले.

त्याचं असं झालं. दोन वर्षांपूर्वी जुन्या बाजारात मला टेपचं एक रीळ मिळालं. खोक्यावर शाईने, वळणदार इंग्रजीत लिहिलं होतं: क्लॅरेन्स, रेल्वे इन्स्टिट्यूट, दौंड, शनिवार. दौंडला साठेक वर्षांपूर्वी अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरांची वस्ती होती, इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे रेल्वेवाल्यांच्या क्लबात, शनिवारी नाच असायचा आणि त्यांचाच बँड वाजवायचा, एवढं मला ऐकून ठाऊक होतं. टेप लावली आणि माझी सगळी मतं पळून गेली. पाच धुना, मागे नाचणाऱ्यांच्या बुटांचे आवाज, आणि एक ट्रंपेट. ते ट्रंपेट लाजत नव्हतं, आर्जव करत नव्हतं. सरळ येऊन समोर बसत होतं.

मुंबईत निखिल नावाचा तरुण एक छोटी रेकॉर्ड कंपनी चालवतो. त्याने ही टेप रेकॉर्ड म्हणून काढायची ठरवली आणि सगळा अभ्यास माझ्यावर सोपवला. मी तो कडक केला. टेपवरचे सूर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या बरोब्बर मधे पडत होते. असं कुणी वाजवत नाही. म्हणजे टेप जलद झालेली. मी ती पाव सुराने खाली आणायला लावली. तिसऱ्या धुनेत ट्रंपेटच्या मधेच एक कर्कश शिट्टी होती. दौंड जंक्शन, खिडकीबाहेर फलाट. गार्डाची शिट्टी, दुसरं काय असणार? ती पुसायला सांगितली. पाकिटाच्या मागे छापायला लांबलचक टिपण लिहिलं. त्यातलं माझं सगळ्यात आवडतं वाक्य असं होतं: 'धून संपायच्या जागी क्लॅरेन्स थांबत नाही, एक फेरा आणखी घेतो, आणि त्या एका धाडसी निर्णयात त्याचं सगळं मोठेपण आहे.'

छापण्याआधीची चाचणी-प्रत हातात आली. सोमवारपर्यंत मी 'ठीक आहे' म्हटलं की पुढची छपाई सुरू. पाकिटावर टाकायला फक्त क्लॅरेन्सचा फोटो नव्हता. तेवढा आणावा म्हणून शनिवारी सकाळी गाडी काढली.

दौंड, शनिवार

फेब्रुवारीच्या उन्हात बंद गाडीत रेकॉर्ड ठेवली की तासाभरात तिचा पापड होतो. त्यामुळे चाचणी-प्रत पंच्यात गुंडाळून मी सगळीकडे बरोबर नेत होते. चहा प्यायला उतरले तेव्हा टेबलावर ठेवली, तर हॉटेलवाल्याने आदराने विचारलं, "देवाचा फोटू हाय का?" मी हो म्हटलं. त्याने टेबल पुसून दिलं. पुढे उसाच्या ट्रॉलीमागे अर्धा तास रखडले आणि ट्रॉलीतून निसटलेल्या एका उसाने माझ्या गाडीचा उजवा आरसा नेला. ट्रॉलीवाल्याने मागे वळूनही बघितलं नाही.

दौंडला मी डोरीनबाईंकडे गेले. क्लॅरेन्सची ही पुतणी. वय सत्तरीचं, रुळांपासून हाकेच्या अंतरावर दोन खोल्यांचं कौलारू घर, दारात कढीपत्ता. बाकीचं सगळं खानदान परदेशी गेलं, ही राहिली. ठिपक्यांचा फ्रॉक घातलेल्या बाईंच्या तोंडून अस्सल दौंडची मराठी ऐकताना पहिली दहा मिनिटं मी नुसती बघत राहिले.

"बसा, बसा. पंखा लावते. दौंडचं ऊन म्हंजी इंजिनाची भट्टी," त्या म्हणाल्या. "आधी जेवा. मग काय असंल ते वाजवा."

जेवायला पिवळा नारळीभात, खिम्याच्या गोळ्यांचा रस्सा आणि शेजारी बाजरीची भाकरी. हे तीन पदार्थ एका ताटात मी कुठे बघितले नव्हते आणि पुन्हा बघायला मिळाले तर मी दौंडला चालत जाईन. आमच्या घरी जेवताना रेकॉर्ड लावत नाहीत, दोन्हींचा अपमान होतो म्हणून. डोरीनबाईंकडे उलटं. गाण्याशिवाय जेवण म्हणजे त्यांच्या मते दवाखाना. शेवटी हात धुऊन मीच बॅटरीवर चालणारा माझा छोटा प्लेअर टेबलावर मांडला.

पहिली धून सुरू झाली. बाईंनी डोळे मिटले, मान डोलावली, आणि ट्रंपेट सुरू होताच हसायला लागल्या.

"हा अंकल न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजी हा अंकल क्लॅरेन्स न्हाई. अंकल मऊ वाजवायचा. साखरेत घोळून. हा बघा कसा वाजवतोय, भांडायला आल्यासारखा."

मी त्यांना खोक्यावरचं अक्षर दाखवलं.

"बॉक्स त्याचा. मशीन त्याचं. अक्षर त्याचंच. माणूस तो न्हाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्या शनवारी लाइनवर स्पेशल गाड्या सोडल्या होत्या. ड्युटीचा कॉल आला न् सगळे ड्रायव्हर, फायरमन गेले. अंकलपण गेला. हॉलमधी माणसं नाचायला उभी आन् बँडच न्हाई! पण जायच्या आधी अंकलनं निरोप धाडून मांडवगणची बँडवाली पोरं बोलावली, लग्नातली. माझ्या पप्पांनी मशीन चालू केलं."

"तुम्ही तेव्हा किती वर्षांच्या होतात?"

"दहा."

दहा वर्षांच्या मुलीची साठ वर्षांपूर्वीची आठवण. मी मनात त्या आठवणीवर लाल रेघ मारली. टेपवर बासच्या जागी मोठं पितळी भोंगा-वाद्य आहे. त्यावरून मी टिपणात लिहिलं होतं की या मंडळींनी जाणूनबुजून जॅझची अगदी जुनी पद्धत निवडली. लग्नाच्या बँडमध्येही तोच भोंगा असतो, हे मला त्या क्षणी सुचलं आणि मी ते लगेच बाजूला सारलं.

डोरीनबाईंनी मग पत्र्याच्या पेटीतून फोटो काढला. कोट घातलेले सहा पुरुष, मधे हसरा क्लॅरेन्स, डावीकडे पियानो.

"हा अंकलचा बँड. पियानोशिवाय तो उभाच राहायचा न्हाई. तुमच्या टेपवर पियानो कुठंय?"

"माइक लांब असेल," मी म्हणाले. चाळीस वर्षं फळ्यापुढे उभं राहिलेलं माणूस उत्तर माहीत नसलं तरी उत्तर देतं.

त्या पुन्हा हसल्या. "उद्या मांडवगणला जाऊन या. नामदेव नाव त्याचं. हाय अजून, असं ऐकते."

फोटो पिशवीत घालून मी स्टेशनजवळच्या लॉजवर आले. खरं तर काम झालं होतं, सकाळी पुण्याची वाट धरता आली असती. पण ते 'माइक लांब असेल' मला स्वतःलाच पटलं नव्हतं. मांडवगणला जायचं, त्या माणसाला रेकॉर्ड ऐकवायची, तो 'मी नव्हे' म्हणाला की हा विषय कायमचा मिटवायचा, असं ठरवून मी झोपले.

मांडवगण फराटा, रविवार

भीमा ओलांडली की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. मधेच एखादं गुऱ्हाळ, त्याचा गोड धूर गाडीत शिरतो आणि पुढे दोन किलोमीटर बरोबर येतो. मांडवगण फराटा चांगलं मोठं गाव आहे. मी चौकात विचारलं, "बँडवाले नामदेव कुठे राहतात?"

"बँडवालं आप्पा व्हय? सरळ जावा. निळा झेंडा दिसंल, तितनं डावीकडं. कपडे वाळत घातल्यात बघा, तेच घर."

घर ओळखायला वेळ लागला नाही. दोरीवर ओळीने बारा लाल कोट वाळत होते, सोनेरी झालरीसकट. आदल्या दिवशीच्या लग्नाचा घाम उन्हात सुकत होता. दारात सिद्धार्थ भेटला, आप्पांचा पुतण्या. आठवडाभर रांजणगावच्या बाजूला कंपनीत शिफ्ट करतो, लग्नसराईत बँड चालवतो. मी कोण, कुठली, ते सांगितलं.

"या ना मॅडम. आप्पा, पुण्यावरनं मॅडम आल्यात, तुमची रेकॉर्ड घिऊन!"

"माझी कवा झाली रेकॉर्ड?" आतून आवाज आला.

आप्पांचं वय ऐंशीच्या पुढे. बारीक अंग, पांढरी टोपी, समोरचे दात नाहीत. मी शाळेत शिकवायचे हे कळल्यावर त्यांनी मला 'बाई' करून टाकलं आणि शेवटपर्यंत बाईच म्हणाले. खाट अंगणात आणली गेली. मी रेकॉर्ड लावली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसले.

पहिली धून सुरू झाली. त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गुडघ्यावर हलू लागली. मी ती बोटं बघत होते. ट्रंपेटची कळ जिथे दाबली जायला हवी तिथे बोट खाली जात होतं, सुराच्या किंचित आधी. हे ऐकून येत नाही. हे ज्याने वाजवलंय त्यालाच येतं.

"मीच हाय हा," आप्पा म्हणाले. मग कपाळाला आठी पडली. "पर बसका का वाजतोय? अंगात ताप असल्यावानी?"

"बसका?"

"खाली गेलाय सूर. आमचं पितळ असं न्हवतं."

माझा पहिला संशय प्लेअरवर. बॅटरी उतरली असणार. सिद्धार्थने दुकानातून नव्या आणल्या. तिसरी धून संपेपर्यंत ऐकून आप्पा म्हणाले, "अजून बसकाच हाय." आता मला राग आला. रेकॉर्डची गती तपासायची एक कागदी चकती असते, तिच्यावर बारीक रेघा असतात. ती प्लेअरवर फिरवून दिव्याखाली बघायची. रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसल्या की गती बरोबर. माझ्या पिशवीत ती कायम असते. पण त्यासाठी दिवा जुन्या ट्यूबलाइटचा लागतो आणि आप्पांच्या घरात सगळे नवे एलईडी.

"विहारात ट्यूब हाय की," सिद्धार्थ म्हणाला.

मग आमची वरात निघाली. पुढे प्लेअर घेतलेला सिद्धार्थ, मागे पंच्यात रेकॉर्ड घेतलेली मी, त्यामागे काठी टेकत आप्पा. विहारात बुद्धाच्या मूर्तीसमोर नमस्कार करून आम्ही सतरंजीवर बसलो. ट्यूब दोनदा फडफडली आणि लागली. चकती फिरवली. रेघा गच्च उभ्या. गती अचूक होती.

"मशीन बरोबर आहे, आप्पा," मी जरा विजयाने म्हणाले.

"मशीन आसंल बरोबर," आप्पा म्हणाले. "सिद्धार्थ, माळ्यावरचं काढ."

सिद्धार्थ घरी जाऊन एक लांबट गाठोडं घेऊन आला. आत काळवंडलेलं ट्रंपेट होतं, तोंडाशी पितळ झिजून पांढरं पडलेलं.

"पलटणीचा माल," आप्पा म्हणाले. "इंग्रजाच्या टायमाचा. पलटणीनं मोडीत काढला, आमच्या वडलांनी घेतला. सगळा सेटच तसला. पेटीशी कवाच जुळला न्हाई. म्हनून आम्ही बँडात पेटी घेतलीच न्हाई."

"जुनं पितळ चढं असतंय मॅडम," सिद्धार्थने समजावलं. "आमच्याकडं कीबोर्ड आला तवा हे सगळं माळ्यावर गेलं. मॅचच होत न्हाई. दोन पट्ट्यांच्या मधी लागतंय."

दोन पट्ट्यांच्या मधे! मी खाली बसले होते म्हणून बरं.

सिद्धार्थने कोट नसतानाही बँडमास्तरसारखं ताठ बसून ते ट्रंपेट ओठांना लावलं आणि एक लांब सूर धरला. त्याच वेळी मी रेकॉर्डवरच्या त्याच सुरावर सुई ठेवली. दोन सूर एकमेकांना चावू लागले, विहारभर नुसती थरथर. सुई उचलली. माझ्या फोनमध्ये मूळ टेपचा आवाज होता, मी दुरुस्त करण्याआधीचा. तो लावला. सिद्धार्थने पुन्हा तोच सूर धरला आणि या वेळी दोन्ही आवाज एकात एक मिसळून गेले. कुठला कुणाचा ते मला सांगता येईना.

टेप जलद नव्हती. टेप अगदी बरोबर होती. पलटणीतून मोडीत निघालेल्या पितळाचा सूर मी पुण्यात बसून 'दुरुस्त' केला होता. माझे कान चुकले नव्हते. सूर दोन पट्ट्यांच्या मधे आहे हे त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. पण असं कुणी वाजवत नाही, हे मी कुठून आणलं? ज्यांना मी कधी ऐकलं नव्हतं, ते वाजवतच नाहीत असं मी धरून चालले होते. मला मनापासून लाज वाटली आणि मी ती तिथेच बोलून दाखवली.

"असू द्या की बाई," आप्पा म्हणाले. "वाजवा पुढं."

त्यांनी त्या शनिवारची गोष्ट सांगितली. दौंडच्या इंजिन शेडमध्ये ते तेव्हा कोळसा भरायला जायचे. क्लॅरेन्स साहेबाला एकदा कळलं की हा पोरगा बँडात वाजवतो. मग ड्युटी संपल्यावर तो फलाटाच्या टोकाला उभा राहून धुना शिकवायचा, हा ऐकून पाठ करायचा. "कागूद न्हाई, काय न्हाई. सायब वाजवायचा, मी वाजवायचो. दोन वर्सं." त्या शनिवारी बोलावणं आलं तसे सहाजण सायकलींवरून वाद्यं बांधून दौंडला गेले. कोट लग्नातलेच. रात्री नाच संपल्यावर मागच्या ओट्यावर जेवायला वाढलं. पुढे हॉलमध्ये फोटो काढले म्हणे, त्यात हे नव्हते.

आता मूळ टेपची तिसरी धून चालू झाली होती. आप्पांनी अचानक काठी खाली ठेवली आणि एक बोट वर केलं. "आता बगा."

ट्रंपेट शेवटाकडे येतं, थांबणार असं वाटतं, आणि तेवढ्यात ती शिट्टी. मी 'गार्डाची शिट्टी' म्हणून पुसलेली. आप्पांचं बोट तिच्याबरोबर हवेत उडालं.

"लक्षा!" ते म्हणाले.

लक्ष्मण त्यांचा धाकटा भाऊ, ढोलावर असायचा. वरातीत नाचणारी मंडळी रंगात आली की ढोलवाला दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचा. तिचा अर्थ सगळ्या बँडाला ठाऊक: थांबू नका, अजून एक फेरा घ्या. दौंडच्या हॉलमध्ये साहेबलोक नाचत होते, तरी लक्ष्मणला वरातच दिसली आणि त्याने शिट्टी मारली. आप्पांनी सवयीने एक फेरा आणखी घेतला. तोच तो फेरा, ज्यात मला क्लॅरेन्सचं सगळं मोठेपण सापडलं होतं.

"धाडसी निर्णय," मी स्वतःशीच म्हणाले.

"काय म्हनता?"

"काही नाही आप्पा. तुमचे भाऊ आता?"

"जाऊन चाळीस वर्सं झाली. फोटू न्हाई त्याचा आमच्याकडं, एकबी न्हाई." त्यांनी माझ्या फोनकडे बोट केलं. "एवढंच हाय म्हना की."

मग काळ्या चकचकीत चाचणी-प्रतीकडे बघून त्यांनी विचारलं, "आन् हिच्यात का वाजली न्हाई शिट्टी? मघाशी मी वाट बघत हुतो."

मी खोटं बोलू शकले असते. टेप जुनी, खराब झाली, काहीही. "मी पुसली, आप्पा. मला वाटलं ती बाहेरची आहे."

आप्पांनी काठी पुन्हा हातात घेतली. "न्हाई बाई," ते म्हणाले, "आतलीच हुती."

विहाराच्या पायरीवर उभी राहून मी निखिलला फोन लावला. रेकॉर्ड थांबव. गती मूळची ठेव, शिट्टी परत आण, माझं टिपण फाडून टाक.

"मॅडम, कव्हर छापून झालंय मागचं! आणि पिच वर ठेवला तर लोक म्हणतील टेप फास्ट आहे."

"म्हणू देत. दोन वर्षं मीच म्हणत होते. ट्रंपेटच तसं आहे असं पाकिटावर लिही."

तो बराच वेळ कुरकुरला. मी चाळीस वर्षं दहावीचे वर्ग सांभाळलेत, त्याने शेवटी मान्य केलं.

पण खरी परवानगी निखिलची नव्हतीच. न निघालेली रेकॉर्ड काढायची तर आधी वाजवणाऱ्याला विचारावं, हे माझं सगळ्यात जुनं मत. क्लॅरेन्स आता हयात नाही म्हणून मी ते सोयीस्करपणे गुंडाळून ठेवलं होतं. मी परत येऊन सतरंजीवर बसले आणि विचारलं, "आप्पा, ही काढू का? तुम्हाला नको असेल तर इथेच विषय संपला."

"काढा की. का न काढावी? चांगली वाजलीय," आप्पा म्हणाले. खोटा विनय नाही, काही नाही. मला हा माणूस फार आवडला. "पर माझं एकट्याचं नाव नको. ढोलावर हाय ते टाका."

ढोल सिद्धार्थच्या घरात उभा होता. पिवळ्या रंगाने लिहिलेलं अर्धं उडालेलं, तरी वाचता येत होतं: भीमाकाठ ब्रास बँड, मांडवगण फराटा. मी त्याचा फोटो काढला. सहाही जणांची नावं आप्पांनी सांगितली, मी वहीत लिहिली. लक्ष्मणच्या नावापुढे मी 'ढोल' लिहिलं, आप्पांनी वहीत वाकून बघितलं आणि म्हणाले, "शिट्टीबी लिवा." मी लिहिलं: ढोल आणि शिट्टी.

मग सिद्धार्थच्या बायकोने चिलापीचं झणझणीत कालवण आणि गरम भाकरी वाढली. नदीतला हा मासा मी पुण्यात नाक मुरडून नाकारलेला होता. त्या दिवशी दोनदा वाढून घेतला. आणखी एक मत गेलं.

निघताना सिद्धार्थने विचारलं, "मॅडम, ती चुकीची रेकॉर्ड काय करणार?" जमवणाऱ्यांच्या जगात अशी रद्द झालेली एकुलती प्रत सगळ्यात दुर्मीळ समजतात. तिच्यासाठी माणसं मैत्र्या तोडतात. मी ती गाडीत मागच्या काचेपाशी ठेवली, ऐन उन्हात. न्हावरा, शिक्रापूर करत कोरेगाव भीमाच्या गर्दीत पोचेपर्यंत तिचा मस्त पापड झाला होता.

पुन्हा घरी

परवा नवी चाचणी-प्रत आली. पाकिटावर ढोलाचा फोटो आहे. क्लॅरेन्सचाही आहे, मागच्या बाजूला, 'यांनी फलाटावर शिकवलं' या ओळीसह. डोरीनबाईंना फोनवर ते वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आता अंकल खूश." माझं टिपण आठ ओळींचं झालंय आणि त्यात एकही निर्णय धाडसी नाही.

सकाळी साडेदहाला मी मांडवगणला फोन लावला. सिद्धार्थने तो आप्पांच्या कानाला दिला. मी स्पीकरजवळ फोन धरून तिसऱ्या धुनेवर सुई ठेवली. सूर दोन पट्ट्यांच्या मधे, जिथे होता तिथेच. ट्रंपेट शेवटाकडे आलं आणि लक्ष्मणची शिट्टी माझ्या कोथरूडच्या खोलीत एवढी खणखणीत वाजली की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं.

पलीकडून काहीच आवाज येईना. मला वाटलं लाइन तुटली. मी फोन कानाला लावून म्हणाले, "आप्पा? ऐकू आलं का? आप्पा, बोला ना."

"थांबा बाई," आप्पा म्हणाले. "शिट्टी झाली न्हवं? अजून एक फेरा हाय."